पंधरा लिटर

बंब गळायला लागला तो संक्रांतीच्या आधी,
गड्ड्यावर पाळणे उभे राहत होते तेव्हा.
आधी एक थेंब, राखेत. चुर्र.
मग दुसरा.
रज्जाक मिस्त्रीनं नळीत तार घालून पाहिली,
मूठभर पांढरा खडक निघाला.
"पाणी नाही ओ, चुना पिलाय ह्यानं.
डाग देऊ कशाला? डाग धरायला पत्रा कुठं उरलाय?"

म्हणजे नवीन घ्यायचं.
काय घ्यायचं, ह्यात अकरा दिवस गेले.

श्रीनिवास फोनवर: सोलर घे आई,
सोलापुरात उन्हाला काय तोटा.
उन्हाला नाही रे. छताला आहे.
माळवद आपलं, दर मृगाआधी
मी अजून पांढरी माती ओढते त्याच्यावर.
दोनशे लिटरची टाकी वर चढवली
तर ती उन्हात कशाला राहील,
माझ्या ओट्यावर येऊन बसेल.
आणि पाणी येतं चार दिवसांनी,
तेही खालच्या हौदात, धापा टाकत.

शेजारी इरव्वाकडं गॅसचा आहे.
भक्कन पेटतो, मिनिटात बादली.
पण आमच्या मोरीला खिडकी नाही.
एक झरोका होता, माग बसवताना बुजला.
नवी पेठेतला दुकानदार म्हणाला,
"मावशी, खिडकी नसेल तर मी विकणारच नाही."
हे मी बिड्यांच्या कारखान्यात
सगळ्या बायकांना सांगितलं. कुणाला पटेना.

राहिला विजेचा.
तीन, सहा, पंधरा, पंचवीस,
पांढरी पोटं भिंतीवर ओळीनं.
"किती माणसं घरात?"
दिवाळीत सहा.
एरवी दोन.
चार दिवसांच्या सुखासाठी
वर्षभर रिकाम्या माणसांचं पाणी तापवायचं का?
पण तीन लिटरनं भागत नाही.
ह्यांचे गुडघे, चाळीस वर्षं मागावर उभे राहिलेले,
सकाळी लाकूड असतात.
आणि माझी बोटं. तंबाखू रेघांत शिरते,
साबणाला दाद देत नाही,
कढतच लागतं तिला.

घरात आम्ही म्हणतो उडुकु नीळ्ळु,
इरव्वा म्हणते बिसी नीरु,
रज्जाक म्हणतो गरम पानी.
भाजतं सगळ्यांना सारखंच.

पंधरा, म्हटलं.

मग संगप्पा वायरमन आला, भिंतीकडं बघून हसला.
"दिव्याच्या वायरीवर हे? घर पेटंल की."
मीटरपासून जाड तार, वेगळा स्विच,
अंगणात खड्डा, खड्ड्यात मीठ आणि कोळसा.
वस्तू तशी स्वस्तच निघाली.
घराला तिच्या जोगं करणं महाग पडलं.

तारेचे पैसे बंबानंच दिले.
नऊ किलो दोनशे भरलं तांबं.
मी चिंचेनं घासून दिला, मोडवाला म्हणाला,
"वितळवायचाच आहे की मावशी."
वितळव. पण माझ्या घरातून काळा जायचा नाही.
किती तुराट्या खाल्ल्या त्यानं,
किती बाबिनी, किती फुटके धोटे.
कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
न फुटलेलेही.

ह्यांचे कान मागांनी नेले.
बंबाची सळसळ ऐकू यायची नाही,
म्हणून तळवा टेकवून बघायचे
आणि अचूक सांगायचे, अजून दोन काटक्या.

पहिल्या दिवशी मोरीत गेले,
सवयीनं तळवा टेकवला पांढऱ्या पोटावर.
"थंडच हाय की हे."
लाल दिवा केव्हाच विझला होता, पाणी तयार होतं.
मी ओरडून सांगितलं,
हे आतल्या आत तापतं ओ, बाहेर कळू देत नाही.
ऐकलं की नाही, काय की.
हात तसाच ठेवून उभे,
कुणाचा ताप बघावा तसे.

मग मीच जाऊन नळ सोडला.